कॉम्प्युटर सायन्सची डिग्री: पगाराआधी खर्चाचा हिशोब करा

कॉम्प्युटर सायन्स घेऊ का असं कुणी विचारलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा सरळ पगारावर येतो. अमक्याला एवढं पॅकेज मिळालं, तमक्या कंपनीत फ्रेशरला एवढ्यावर घेतात, वगैरे. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत नेमकं उलटं ऐकू येतं, की त्यात आता काही राम राहिला नाही, सगळं कोडिंग एआय करणार, डिग्री घेऊन मुलं घरी बसलीत. हे दोघंही बोलतायत एकाच आकड्याबद्दल. माझं म्हणणं असं आहे की या निर्णयात पगार हाच सगळ्यात बिनभरवशाचा आकडा आहे, कारण तो तुम्ही ठरवत नाही, कॉलेजही ठरवत नाही, तुम्ही बाहेर पडाल त्या वर्षी बाजार कसा असेल त्यावर तो ठरतो. खर्चाचं तसं नाही. तो आज कागदावर मांडता येतो, आज कमी करता येतो, आणि तरी तोच आकडा लोक सगळ्यात घाईघाईत उरकतात, की लोन काढू, नोकरी लागली की फिटेल.

आता पगार मोठा आहे हे खोटं नाही, ते आधी मान्य करू. अमेरिकेत सरकारी आकडे नियमित येतात म्हणून तिथलं उदाहरण घेतो. मे २०२४ च्या आकड्यांनुसार तिथे सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मध्यक पगार, म्हणजे निम्मे लोक त्याच्या वर आणि निम्मे खाली असा पगार, वर्षाला १,३३,०८० डॉलर होता, आणि सगळ्या नोकऱ्यांचा मिळून मध्यक ४९,५०० डॉलर. अडीच पटीपेक्षा जास्त फरक आहे हा. एवढा फरक दिसला की कुणाचेही डोळे विस्फारणारच, आणि मग आईवडील जमीन विकून, दागिने गहाण ठेवून फी भरायला तयार होतात यात मला तरी नवल वाटत नाही.

पण हा आकडा कुणाचा आहे ते बघा. तो डेव्हलपर म्हणून आज काम करणाऱ्यांचा आहे, त्यात वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं आहेत. डिग्रीला ॲडमिशन घेतलेल्या सगळ्यांचा तो नाही. ज्यांनी दुसऱ्या वर्षी सोडलं ते यात नाहीत, ज्यांनी डिग्री घेतली पण दुसरंच काम करतायत ते नाहीत, ज्यांना अजून काम मिळालेलं नाही ते तर नाहीतच. ब्रिटनमध्ये अर्धवट सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण ज्या विषयांत जास्त आहे त्यात कॉम्प्युटिंग वर्षानुवर्षं वरच्या टोकाला राहिलंय. अमेरिकेत पूर्ण वेळ शिकायला आलेल्यांपैकी सहा वर्षांत डिग्री पूर्ण करणारे साधारण दोन तृतीयांशाच्या आतच आहेत (सगळे विषय मिळून). म्हणजे ॲडमिशन घेणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न "पास झालो तर किती मिळतील" असा नसून "पूर्ण करेन याची शक्यता किती" असा आहे, कारण अर्धवट सोडलेल्याच्या अंगावर फी आणि लोन तसंच राहतं आणि त्याच्या बदल्यात दाखवायला काही नसतं. पैशाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट हाल होतात ते याच माणसाचे, कमी पगारावर लागलेल्या डिग्रीवाल्याचे नाही, आणि या माणसाबद्दल कुठल्याही जाहिरातीत एक ओळ नसते.

दुसरी गोष्ट वेळेची. रिचर्ड फ्रीमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० च्या दशकात इंजिनिअरांच्या बाजाराचा अभ्यास करून एक गोष्ट दाखवली होती, ती मला या सगळ्या चर्चेत सगळ्यात कामाची वाटते. पगार वाढले की मुलं त्या शाखेकडे धावतात, पण ती बाहेर पडतात चार वर्षांनी, तोवर सगळे एकदम बाजारात येतात, पुरवठा जास्त होतो, पगार पडतात किंवा नोकऱ्या मिळत नाहीत, मग पुढची मुलं पाठ फिरवतात, मग चार वर्षांनी टंचाई, मग परत पगार वर. म्हणजे आजचा पगार बघून जो आत शिरतो तो जवळजवळ ठरवूनच चुकीच्या वेळी बाहेर पडतो. कॉम्प्युटर सायन्समध्ये हे अगदी डोळ्यांसमोर घडलंय. मार्च २००० मध्ये नॅस्डॅक, म्हणजे अमेरिकेतला टेक कंपन्यांचा भरणा असलेला शेअर निर्देशांक, शिखरावर होता, ऑक्टोबर २००२ पर्यंत तो पाऊण हिश्शाहून जास्त कोसळला. पण अमेरिकेत कॉम्प्युटरच्या पदव्या तोवरच्या सगळ्यात जास्त दिल्या गेल्या त्या २००३-०४ मध्ये, साधारण ५९ हजार, कारण ही मुलं तेजीच्या काळात आत आलेली होती. नंतर आकडा पडत पडत २००८-०९ ला ३८ हजारांवर आला. आणि त्याच सुमारास स्मार्टफोन आणि क्लाउडची लाट सुरू होत होती, म्हणजे सगळ्यांनी "यात काही उरलं नाही" म्हणून ज्या वर्षांत पाठ फिरवली त्या वर्षांत शिकलेल्यांना पुढचं दशक सोन्यासारखं गेलं. मग परत गर्दी, २०२०-२१ पर्यंत वर्षाला १ लाखाच्या वर पदव्या.

आणि मग २०२२ चा शेवट. नोव्हेंबर २०२२ ला मेटाने ११ हजार लोक काढले, जानेवारी २०२३ मध्ये गूगलची मालक कंपनी अल्फाबेटने १२ हजार, मायक्रोसॉफ्टने १० हजार, ॲमेझॉनने १८ हजारांचा आकडा सांगितला, मार्चमध्ये मेटाने आणखी १० हजार काढणार म्हणून जाहीर केलं. मधल्या काळात ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं, त्यामुळे आता सगळ्यांच्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र झाल्यात की एआय आलं आणि नोकऱ्या गेल्या. तारखा बघितल्या तर पहिल्या मोठ्या कपातीच्या वेळी ते बाजारात आलेलंही नव्हतं. लॉकडाऊनच्या काळात भरमसाट भरती झालेली आणि २०२२ मध्ये व्याजदर झपाट्याने वाढले, त्या सुरुवातीच्या कपातीमागे ही कारणं जास्त मोठी होती असं मला वाटतं. एआयचा परिणाम नाहीच असं मी म्हणत नाही, त्यावर पुढे येतो.

न्यूयॉर्क फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेने, २०२५ मध्ये दिलेले आकडे खूप फिरले. नुकत्याच पदवी घेतलेल्यांमध्ये कॉम्प्युटर सायन्सवाल्यांची बेरोजगारी ६.१ टक्के, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाल्यांची ७.५ टक्के, सगळ्या विषयांच्या सरासरीच्या वर. लोकांनी एवढंच वाचलं आणि शेअर केलं. पण त्याच तक्त्यात पुढचा रकाना आहे, की ज्या कामाला डिग्री लागतच नाही असं काम किती पदवीधर करतायत, तर एकूण नवीन पदवीधरांमध्ये ते प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि कॉम्प्युटर सायन्सवाल्यांमध्ये सतरा टक्क्यांच्याही आत. आणि त्यांचा सुरुवातीचा मध्यक पगार ८० हजार डॉलर, म्हणजे सगळ्या विषयांत वरच्या काही नावांपैकी. हे आकडे २०२३ च्या सर्वेक्षणावरचे आहेत हेही लक्षात ठेवा. तर चित्र असं दिसतं की नोकरी मिळायला पूर्वीपेक्षा जास्त थांबावं लागतंय, काहींना मिळत नाहीये, पण ज्याला मिळते त्याला अजूनही बरी मिळते. वाट बघण्याचे हे सहा-आठ-बारा महिने कुणाच्या हिशोबात धरलेलेच नसतात, आणि लोनचा हप्ता मात्र तुमच्यासाठी थांबत नाही.

वाईट वर्षी बाहेर पडण्याची किंमत फक्त ते एक वर्ष नसते. लिसा कान यांचा २०१० चा अभ्यास आहे, अमेरिकेत १९८० च्या आसपासच्या मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्या लोकांवरचा, त्यात पगाराला बसलेला फटका पंधरा वर्षांनंतरही दिसत होता. कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात, ओरिओपोलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या, तो फटका भरून यायला साधारण दहा वर्षं लागली असं निघालं. हुशारी तीच, मार्क तेच, कॉलेज तेच, फक्त जन्माचं वर्ष दुसरं. हे वाचल्यावर मला तरी "मेहनत केली की मिळतंच" हे वाक्य कुठल्याही मुलाला इतक्या सहज ऐकवणं जमत नाही.

आणखी एक अभ्यास आहे डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांचा, २०२० मध्ये छापून आलेला. त्यांनी बघितलं की इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यांना बाकी पदवीधरांपेक्षा जो जास्तीचा पगार मिळतो तो सगळ्यात मोठा असतो पहिल्या नोकरीच्या वेळी, आणि पुढच्या दहा वर्षांत तो फरक निम्म्यावर येतो. पगार कमी होतो असं नाही, बाकीचे जवळ येत जातात. कारण या क्षेत्रात शिकलेली कौशल्यं पटापट जुनी होतात, दर काही वर्षांनी नवं टूल, नवी भाषा, आणि नवीन आलेल्या मुलाला ते ताजं येत असतं. आपण काय करतो, पहिल्या नोकरीचं पॅकेज बघतो आणि तेच चाळीस वर्षं वाढत जाईल असं धरून चालतो. हा फुगवटा सुरुवातीचा आहे. फी मात्र याच फुगवट्याकडे बघून ठरवलेली असते.

आता प्रत्यक्ष हिशोब करू, चलन कुठलंही धरा. समजा डिग्री न घेता मिळणारं काम वर्षाला १० देतं. डिग्रीची फी आणि बाकी खर्च वर्षाला ५, चार वर्षांचे २०. पण खर्च तेवढाच नाही ना, त्या चार वर्षांत तुम्ही जे ४० कमावले असते ते पण गेले. म्हणजे एकूण ६०. हे दुसरे ४० लोक कधीच मोजत नाहीत आणि बघा, तेच मोठे आहेत. डिग्रीनंतर पगार १५ मिळाला, म्हणजे वर्षाला ५ जास्त, तर ६० भरून यायला १२ वर्षं. ठीक वाटतं. पण पैशाला वेळेची किंमत असते, ५ टक्के व्याज धरलं तर ते १२ ची जवळजवळ १९ वर्षं होतात. आणि ८ टक्के धरलं तर? ४२ वर्षं होतात. म्हणजे अख्खी नोकरी संपली. पगार तोच, डिग्री तीच, फक्त व्याजाचा दर ५ वरून ८ झाला आणि फायद्याचा सौदा जन्मभराच्या बरोबरीवर आला.

आता यात फी बदलून बघा. वर्षाला ५ ऐवजी १ असेल तर एकूण खर्च ६० चा ४४ होतो. ८ टक्के व्याजावर भरून यायला आता ४२ नाही तर साधारण १६ वर्षं लागतात. एवढा फरक का पडतो, तर व्याज चढत्या क्रमाने वाढतं, आणि वरचे ते १६ जे वाचले ते नेमके काठावरचे होते. पगाराच्या बाजूने हाच परिणाम साधायचा तर तो तुमच्या हातात नाही, बाजार मान्य करेल तेव्हा. फी कमी असलेलं कॉलेज निवडणं, घरून जाऊन-येऊन करता येईल असं कॉलेज निवडणं, पहिली दोन वर्षं स्वस्त ठिकाणी करून मग पुढे जाणं, शिकता शिकता पार्ट टाइम काम करून तो ४० चा आकडा थोडा खाली आणणं, हे सगळं हातात आहे. आणि समजा पगार १५ ऐवजी २० मिळाला, म्हणजे वर्षाला १० जास्त, तर ६० खर्चाची डिग्रीसुद्धा ५ टक्क्यांवर सात-साडेसात वर्षांत वसूल होते. म्हणून ज्यांना २० मिळाले ते म्हणतात "खर्च काय बघतोस, भरून येतो", ते खोटं बोलत नाहीत, त्यांचं आलंच भरून. अडचण एवढीच की तुम्ही १५ वाले आहात की २० वाले हे ॲडमिशनच्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

एक वर्ष जास्त लागलं तर काय होतं तेही करून बघा, ६० चे ७५ होतात, म्हणजे ५ फी आणि १० बुडालेले. या एका वर्षाबद्दल घरात जेवढी भांडणं होतात त्याच्या दहावा हिस्सा चर्चा कॉलेज निवडताना झाली तर बरं होईल.

मग महागड्या, नावाजलेल्या कॉलेजचं काय, तिथे गेलं की पगार जास्तच मिळतो ना? इथे दोन गोष्टी मिसळल्यात. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये एक हुशार तुलना केली, ज्यांना नावाजलेल्या कॉलेजात ॲडमिशन मिळालं पण ते दुसरीकडे गेले अशा मुलांची, तिथे गेलेल्या मुलांशी. पुढच्या कमाईत बहुतेकांच्या बाबतीत खास फरक दिसला नाही. म्हणजे पगार मुलाच्या तयारीचा होता, कॉलेजच्या नावाचा फार कमी. पण अपवाद महत्त्वाचा आहे, गरीब घरातल्या मुलांना फरक पडला, आणि मला वाटतं त्याचं कारण ओळखी. ज्याच्या घरात कुणाला फोन करून इंटर्नशिप मिळवता येत नाही त्याला कॉलेजच ती ओळख देतं. तर ज्याला खरोखर गरज आहे त्याला नावाजलेलं कॉलेज परवडत नाही, आणि ज्याला परवडतं त्याला त्याने विशेष फरक पडत नाही, हे फार चुकीच्या जागी येऊन थांबलेलं आहे.

तसंच डिग्रीमधून नेमकं विकत काय घेतो हा प्रश्न. एक मत अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांचं, शिक्षण ही गुंतवणूक, त्याने तुमची क्षमता वाढते. दुसरं मायकेल स्पेन्स या दुसऱ्या अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेलं, की डिग्री ही मालकाला दिलेली खूण आहे, हा माणूस कठीण गोष्ट धरून पूर्ण करू शकतो एवढं ती सांगते, आत शिकलेलं कामाला येवो न येवो. कॉम्प्युटर सायन्समध्ये दोन्ही आहे पण प्रमाण बदलतंय. कोडिंग शिकायला आता डिग्री लागत नाही हे उघड आहे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपले कोर्स फुकट उघडायची घोषणा २००१ मध्येच केली होती. तेव्हा कॉलेज जर चार वर्षं लावून फक्त एखादी भाषा आणि एखादं चालू फ्रेमवर्क शिकवत असेल तर तिथे तुम्ही जवळजवळ फक्त खुणेचे पैसे देताय. आणि जिथे अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क नीट शिकवतात, प्रॅक्टिकल खरंच करून घेतात, फाइल कॉपी करून सबमिट करत नाहीत, तिथे क्षमतेचे. एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडली, डाइक्स्ट्राचा सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचा अल्गोरिदम १९५९ चा, इंटरनेट ज्यावर चालतं त्या टीसीपीचा मूळ लेख १९७४ चा, आणि या तिन्ही गोष्टी आजही रोज वापरात आहेत. डेमिंग-नोरे म्हणतात ती जुनी होणारी कौशल्यं म्हणजे वरचा थर, खालचा थर पन्नास वर्षं टिकतो. पण मुलाखतीत पहिला वरचा थर विचारतात, म्हणून कॉलेजंही तोच विकतात.

मग डिग्री सोडून सहा महिन्यांचा बूटकॅम्प, म्हणजे कोडिंगचा झटपट कोर्स, करावा का? स्वस्त वाटतो, बुडणाऱ्या कमाईच्या त्या ४० चा मोठा भाग वाचतो, हे खरं आहे. पण अमेरिकेतल्या ब्लूमटेकचं, आधी त्याचं नाव लॅम्ब्डा स्कूल होतं, प्रकरण प्रत्येकाने वाचावं. नोकरी लागल्यावर पगाराचा हिस्सा द्या, आधी काही नको, अशी त्यांची योजना. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण खात्याने एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली, हे प्रत्यक्षात कर्जच होतं आणि ते कर्ज असल्याचं लपवलं होतं असं म्हटलं, आणि जाहिरातीत प्लेसमेंट ७१ ते ८६ टक्के सांगितली जात होती तेव्हा आतले आकडे ५० च्या आसपास, काही बॅचना ३० पर्यंत खाली होते. कंपनीला कर्ज देण्यावर कायमची बंदी आली. मी हे बूटकॅम्प वाईट म्हणून सांगत नाही. प्लेसमेंटचा आकडा जो विकतो त्यानेच तो मोजलेला असतो म्हणून सांगतोय, आणि हे कॉलेजांनाही तितकंच लागू आहे. "शंभर टक्के प्लेसमेंट" मध्ये शंभर कुणाचे, सगळ्या ॲडमिशनचे, पास झालेल्यांचे, की "पात्र आणि इच्छुक" म्हणून गाळून उरलेल्यांचे? सरासरी पॅकेज सांगतात, मध्यक का नाही सांगत? एका मुलाला परदेशातली प्रचंड ऑफर लागली की सगळ्या बॅचची सरासरी उचलली जाते, मधल्या मुलाच्या हातात त्यातलं काहीच येत नाही.

आणि एआय. अमेरिकेच्या श्रम खात्याचे २०२४ ते २०३४ चे अंदाज बघितले तर "प्रोग्रॅमर" म्हणून जी वेगळी नोंद आहे, दुसऱ्याने दिलेल्या डिझाइनवरून कोड लिहिणारे, त्यांच्या जागा ६ टक्के कमी होतील असं धरलंय, आणि डेव्हलपर आणि टेस्टर वगैरे, ज्यांना काय बनवायचं हे ठरवावं लागतं आणि बनलेलं नीट चालतंय का हे बघावं लागतं, त्यांच्या १५ टक्के वाढतील. अंदाज चुकतात, पण दिशा मला पटते. नुसतं सांगितलेलं टाइप करणं स्वस्त होत चाललंय. काळजी वेगळीच आहे, की नवीन मुलं जी छोटी छोटी कामं करून शिकायची, बग शोध, टेस्ट लिही, तीच कामं आता मशीनला दिली जातायत, मग अनुभवी माणूस तयार होणार कुठून. याचं उत्तर कंपन्यांनी द्यायला पाहिजे, आणि मला तरी अजून कुणी ते गंभीरपणे देताना दिसत नाही. सध्या तो भार मुलांवर ढकललाय, फ्रेशरच्या जागेला दोन वर्षांचा अनुभव मागून.

म्हणूनच हा फक्त एकेका घराचा निर्णय आहे असं मी मानत नाही. धोका कुणी घ्यायचा हा सार्वजनिक प्रश्न आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला सांगायचं की चार वर्षांनंतरच्या बाजारावर पैज लाव, हरलास तर कर्ज तुझं, आणि कॉलेज मात्र फी आगाऊ घेऊन मोकळं. अमेरिकेत तर हे शिक्षणाचं कर्ज दिवाळखोरीतसुद्धा सहजासहजी सुटत नाही. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्येच वेगळा रस्ता काढला, फी सरकार भरतं, उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर गेलं तरच करासोबत थोडं थोडं परत घेतात, उत्पन्न नाही तर हप्ता नाही, आणि बाकी रक्कम महागाईच्या मानाने वाढते, बाजारभावाचं व्याज लागत नाही. वरच्या हिशोबात ५ आणि ८ टक्क्यांनी काय उलथापालथ केली ते आठवा, म्हणजे या एका तरतुदीचं मोल कळेल. जर्मनीत सरकारी विद्यापीठांची फी काही राज्यांनी लावून बघितली आणि २०१४ पर्यंत सगळीकडून काढून टाकली. ब्रिटनमध्ये इंग्लंडने उलट केलं, १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंडांपासून सुरुवात, २०१२ मध्ये ९,००० पर्यंत. तिथेही परतफेड उत्पन्नाला बांधलेली आहे, पण २०२३ पासून आत आलेल्यांना ती ४० वर्षं मानेवर राहणार. तिथल्याच आयएफएस (इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज) या संशोधन संस्थेने २०२० मध्ये हिशोब केला तेव्हा सगळ्या विषयांचे मिळून पाचातला एक पदवीधर असा निघाला की तो विद्यापीठात गेला नसता तर पैशाच्या बाबतीत बरा राहिला असता. पाचातले चार फायद्यात हेही त्यातच आलं. पण त्या पाचव्याला कुणी आधी सांगितलं होतं का?

दुसरी मागणी माहितीची. अमेरिकेने २०१९ पासून प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक कोर्सनुसार पदवीधरांची कमाई आणि कर्ज एका सरकारी वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली, आणि तिथे सरकारी आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची कमाई थेट कराच्या नोंदींवरून काढलेली असते, कॉलेजने सांगितलेली नाही. हे कुठल्याही सरकारला जमण्यासारखं आहे, कर तर सगळीकडेच भरला जातो. ॲडमिशन किती, पूर्ण किती, एक वर्षाने मध्यक पगार किती, पाच वर्षांनी किती, डोक्यावर कर्ज किती, एवढे पाच आकडे प्रत्येक कॉलेजच्या दारावर लावायची सक्ती केली तर अर्धा बाजार आपोआप सुधारेल, कारण मग महाग आणि निकामी कॉलेजांना लपायला जागा उरणार नाही.

तोवर ज्याला आज ठरवायचंय त्याने, मला विचाराल तर, पगार मुद्दाम कमी धरावा. तुमच्या कॉलेजचा जाहिरातीतला आकडा नाही, तिथे पास झालेल्या अगदी साधारण, मागच्या बाकावरच्या मुलाला काय मिळालं ते विचारून घ्या, वर नोकरी शोधण्यात एक वर्ष जाईल असं धरा, आणि मग हप्ता भरता येतोय का ते बघा. येत असेल तर बिनधास्त जा, चांगलं मिळालं तर तो वरचा फायदा. येत नसेल तर विषय सोडू नका, कॉलेज बदला. आणि विषय आवडतो का हेही पैशाचंच कारण आहे, कारण ज्याला यात रस नाही त्याचीच मध्येच सोडायची शक्यता सगळ्यात जास्त, आणि दहा वर्षांनी फरक निम्म्यावर येतो तेव्हा जो स्वतःहून नवीन शिकत राहतो तोच त्यात टिकतो.

जे आता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत आणि या बातम्या वाचून घाबरलेत त्यांचा हिशोब वेगळा आहे. भरलेली फी विसरा, ती कुठल्याही बाजूला परत येणार नाही. तुमच्यासमोर प्रश्न फक्त उरलेल्या वर्षांचा आहे. वरच्याच आकड्यांत, तिसरं वर्ष पूर्ण झालेल्याला उरलेला खर्च ६० नाही, १५ आहे, आणि वर्षाला ५ जास्त मिळाले तरी तो ८ टक्क्यांवरही चार वर्षांच्या आत वसूल होतो. इतक्या जवळ येऊन सोडण्याइतका बाजार अजून कुठेही पडलेला नाही, तेव्हा पूर्ण करा, आणि शेवटच्या वर्षात नवीन कर्ज न काढता कसं निघेल एवढं बघा.